ज्याचा संडास, त्याचा प्रवास

2020 च्या जुलैत इंग्लंडमध्ये माणसाची पत त्याच्या संडासावरून ठरत होती.

कोरोनामुळे 23 मार्चपासून कडीकुलपात बसलेला देश 4 जुलैला पर्यटकांसाठी जरासा किलकिला झाला. शेजारच्या वेल्सने 11 जुलैला फाटक उघडलं, पण अट घातली, की मुक्कामाची जागा 'सेल्फ-कंटेन्ड' हवी. म्हणजे स्वयंपाकघर, मोरी, संडास, सगळं ज्याचं त्याचं. चार बिऱ्हाडांत मिळून एक, असला प्रकार चालणार नाही. इंग्लंडचा नियम इतका कडक नव्हता, पण कॅम्पसाइटवाले स्वतःच धास्तावलेले. मी ज्यांना ज्यांना फोन केला त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी तेवढंच विचारलं. एका बाईंचा स्वर तर इतका नाजूक, की मला आत्याचं लग्न जमवताना बोलणी करणारी मंडळी आठवली. "तुमचं... स्वतःचं आहे ना?"

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, की सेल्फ-कंटेन्ड असेल तरच घेतायत. आई म्हणाली, "हा तर आपला शब्द!"

खरंच आपला. आम्ही मूळचे नायगावच्या बीडीडी चाळीतले. 160 चौरस फुटांची खोली, त्यात सहा माणसं, आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा. बाबांनी फंडातून कर्ज काढून डोंबिवलीला जागा घेतली तेव्हा नातेवाइकांना धाडलेल्या पोस्टकार्डांत खोल्या किती, मजला कितवा, स्टेशनपासून लांब किती, यातलं काही लिहिलं नव्हतं. एकच ओळ होती: ब्लॉक सेल्फ-कंटेन्ड आहे. त्या ओळीचा अर्थ पाहुण्यांत सगळ्यांना कळला. काही जण तर त्यानंतर नीट बोलेनासे झाले. आज तोच शब्द वेल्स सरकारच्या तोंडी ऐकून आईला बाबांचा फार अभिमान वाटला.

आई जानेवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे स्लाऊला आली होती. मार्चमध्ये भारतानं विमानं बंद केली आणि ती अडकली. तिच्या व्हिसाला ब्रिटिश सरकारनं 31 जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. अडकलेल्यांना घरी नेणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानानं एकटी जायला ती तयार नव्हती. सत्तरी उलटलेल्यांनी फार जपायचं असा तेव्हा इथला सल्ला होता, त्यामुळे चार महिने तिनं आमच्या मागच्या अंगणाची बारा पावलं जायला आणि बारा यायला एवढाच युरोप पाहिला. म्हणून हा घाट. सात रात्रींसाठी भाड्यानं मोटरहोम घ्यायचं, चौघांनी लेक डिस्ट्रिक्टला जायचं, कुणाच्या दाराला हात लावायचा नाही. अर्ध्या इंग्लंडला त्याच महिन्यात हीच कल्पना सुचली होती. त्यामुळे भाडं ऐकून आधी मला घाम फुटला आणि मग लक्षात आलं, की हे धूड बाहेरून सात मीटर लांब, सव्वादोन रुंद. म्हणजे एकशे सत्तर चौरस फूट. बाबांनी जी खोली सोडायला कर्ज काढलं, ती आठवडाभर परत मिळवायला मी अकराशे पौंड मोजले होते.

निघायच्या आधी आईनं आगोट भरली. कोकणात पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात ती आगोट. आई माहेरची राजापूरची. बाहेर पाऊस आणि घरात कुळीथ नाहीत, ही कल्पनाही तिला सहन होत नाही. मेतकूट, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, लसणीची चटणी, आमसुलं, उकडे तांदूळ, आणि हे सगळं स्टीलच्या डब्यांत. मी म्हटलं, "आई, तिथं दुकानं आहेत." ती म्हणाली, "टॉयलेट पेपरच्या वेळी पण दुकानं होतीच." मार्चमध्ये सुपरमार्केटच्या रिकाम्या फळ्या पाहिल्यापासून तिचा या देशावरचा विश्वास उडाला होता. ज्यांना पाणी वापरता येत नाही ते संकटात काय टिकणार, असं तिचं स्पष्ट मत होतं.

25 जुलैच्या शनिवारी निघालो. नेमकी नागपंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आईनं चाकाला हळदकुंकू लावलं, पुढच्या टायरखाली लिंबू ठेवलं आणि "चालव" म्हणाली. भाड्यानं देणाऱ्या माणसानं दोन मीटरवरून किल्ली आमच्या दिशेनं टाकली होती आणि एक तास सूचना दिल्या होत्या. त्यातली सगळ्यात साधी मी विसरलो, ती म्हणजे निघण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची खिटी बघा. इंग्लंडच्या रस्त्यांवर राउंडअबाउट नावाचं वर्तुळ असतं, त्याला जेमतेम अर्धी प्रदक्षिणा झाली आणि मागं कपाट उघडून स्टीलचे डबे एकेक करून उतरू लागले. तो आवाज ज्यानं पंगतीचं सामान ट्रकमधून नेलंय त्यालाच कळेल. मेतकुटाचा डबा उघडला. पुढचे तीनशे मैल आमच्या मागच्या गाडीला मेतकुटाचा वास येत होता, अशी माझ्या लेकीची खात्री आहे.

लँकेस्टरच्या पुढं पाऊस लागला.

या पावसाबद्दल जरा बोललं पाहिजे. आम्ही उतरणार होतो ती बॉरोडेलची दरी. तिथं सीथवेट नावाची वाडी आहे. इंग्लंडमधली सगळ्यात ओली वस्ती अशी तिची कीर्ती, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर. आकडा ऐकून आई खूश झाली, कारण राजापूरकडं चार महिन्यांत साधारण तेवढाच पडतो. पण इथं तोच पाऊस बारा महिन्यांच्या हप्त्यांवर मिळतो. आपल्याकडं पाऊस येतो, धुतो, झोडतो, नदी भरतो आणि दसऱ्याला निरोप घेतो. इथला पाऊस जातच नाही, कारण तो नीट आलेलाच नसतो. रिपरिप नाही, भुरभुर नाही, सर तर नाहीच. हवेलाच घाम सुटतो. आईनं दार उघडून तळहात बाहेर धरला, पाच मिनिटं धरला, मग पदराला पुसला आणि म्हणाली, "हे दव आहे. पाऊस केव्हा लागतो?"

गंमत अशी, की मोटरहोमचं छप्पर पातळ. त्यावर हेच दव असं वाजतं की वाटावं जग बुडालं. रात्री दोनदा उठून आईनं खिडकीतून पाहिलं. "आवाज राजापूरचा," ती म्हणाली, "आणि पाऊस पुण्याचा."

पोचल्यावर पहिलं काम गाडी समतल करणं. चाकांखाली पिवळे प्लॅस्टिकचे उतार सरकवायचे, वर चढवायचं, आत स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये आलाय का पाहायचं. मी बाहेर भिजत, बायको आत. "उजवीकडे! नाही, तुझ्या उजवीकडे! आई, तुम्ही जरा बाजूला व्हा!" अर्धा तास गेला. शेवटी आईनं टेबलावर वाटीत काठोकाठ पाणी भरून ठेवलं आणि म्हणाली, "मागचं डावं चाक चार बोटं उचल." उचललं. पाणी हललं नाही. तो स्पिरिट लेव्हल त्यानंतर आठवडाभर कुणी हातात धरला नाही.

मग संडास. ज्याच्या जिवावर ही यात्रा, त्याची ओळख करून घेणं भाग होतं. मोटरहोमच्या संडासाखाली एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. आमच्या पिढीला कॅसेट म्हटलं की गुंतलेली टेप आणि ती फिरवायला पेन्सिल आठवते. (पेन्सिलचा जन्मही याच दरीतला. सोळाव्या शतकात सीथवेटजवळ शुद्ध ग्रॅफाइट सापडलं आणि त्यातून केझिक गावाचा पेन्सिलधंदा उभा राहिला. तिथल्या संग्रहालयात जवळजवळ आठ मीटरची एक रंगीत पेन्सिल आहे, म्हणजे आमच्या घरापेक्षा लांब. आम्ही आत गेलो नाही. आईला बंद जागेत न्यायचं नव्हतं.) तर ही कॅसेट. तिच्यात निळं रसायन ओतायचं, चौघांची ती एक-दीड दिवसात भरते, लाल दिवा लागतो, आणि मग घरातल्या कर्त्या पुरुषाकडं सगळे पाहू लागतात.

कॅसेटला सुटकेससारखी चाकं आणि दांडा असतो. आवाराच्या कोपऱ्यात ती रिकामी करायची जागा. सकाळी सव्वाआठला मी तिथं गेलो तर रांग. दोन-दोन मीटरवर जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले, प्रत्येक पट्ट्यावर एक गृहस्थ, अंगात रेनकोट, हातात दांडा, पायाशी कॅसेट. विमानतळावर बोर्डिंगला उभे असावेत तसे सभ्य आणि स्थिर. अगदी पुढचा वळून म्हणाला, "जरा उघडीप होईल असं म्हणतायत." सगळ्यांनी आभाळाकडं पाहून माना हलवल्या. माझ्या डोळ्यांसमोर नायगावचा मजला उभा राहिला. फरक एवढाच, की तिथं आम्ही रिकामा डबा घेऊन जायचो.

त्या रांगेत मला इंग्रज माणूस पहिल्यांदा समजला. इतकी वर्षं इथं राहून कुणी इतकं मोकळं बोललं नव्हतं. जगातलं हे एकच ठिकाण असावं जिथं कुणी कुणाला नोकरी विचारत नाही. माझ्या मागं रोज उभे राहणारे एक निवृत्त गृहस्थ होते, यॉर्कशरकडचे. त्यांनी मला रविवारी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की इथून पलीकडं जी हॉनिस्टर खिंड आहे ना, तिथं 5 डिसेंबर 2015 ला चोवीस तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस पडला. देशाचा विक्रम. दशांश चिन्हापर्यंत पाठ होता त्यांना.

आता योग असा, की त्या दिवशी तारीख 26 जुलै होती. पंधरा वर्षांपूर्वी याच तारखेला मी अंधेरीहून घरी निघालो होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोंबिवलीला पोचलो होतो. माणसानं नम्र असावं हे मला कळतं. पण हातात कॅसेट असताना नम्रता टिकत नाही. मी म्हटलं, "मुंबईत, 26 जुलै 2005, सांताक्रूझ, 944."

ते गप्प झाले. पावसाचे पाच-सहा थेंब त्यांच्या टोपीवरून ओघळले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "पण वारा होता का?"

परत आलो तर बायको फोन हातात धरून खुशीत. आमचे एक स्नेही, त्यांचं नाव घेत नाही, आदल्या आठवड्यात सहकुटुंब स्पेनला गेले होते. निघताना ते मला म्हणाले होते, "पावसात डबा घेऊन कुठं हिंडता, आमच्याबरोबर मलागाला चला." शनिवारी संध्याकाळी ब्रिटिश सरकारनं जाहीर केलं, की मध्यरात्रीपासून स्पेनहून येणाऱ्या प्रत्येकानं चौदा दिवस घरात बसायचं. तयारीला काही तास. खुद्द वाहतूक मंत्री ग्रँट शॅप्स त्या वेळी सुट्टीवर स्पेनमध्येच होते, तेही सापडले. दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानू नये. आम्ही नुसता चहा केला. पण त्या रविवारी तो आलं घातलेला चहा, वर पत्र्यावर वाजणारं दव, आणि मलागाचा स्वच्छ निळा समुद्र मनात, असा योग पुन्हा येणार नाही.

सोमवार उजाडला आणि हा आनंद ओसरला. श्रावणी सोमवार. आईचा उपास, बायकोचा आईच्या धाकानं उपास. बाहेर पडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सकाळपासून चौघं आत. आणि आमच्या लक्षात आलं, की लॉकडाउनमधून सुटण्यासाठी आपण लॉकडाउनच छोट्या आकारात भरून, चाकं लावून, तीनशे मैल आणलंय.

मोटरहोममध्ये प्रत्येक वस्तू दुसरी कुठलीतरी वस्तू असते. सोफा पलंग असतो, पलंगाखाली सोफ्याचं टेबल असतं, टेबल काढलं की आईचा पलंग होतो, आणि आईचा पलंग झाला की संडासाचं दार उघडत नाही. एकाला पाणी प्यायचं असेल तर तिघांनी पाय वर घ्यायचे. बायको आणि लेक दोन दिवसांत टेकीला आल्या. मी आणि आई मात्र तासाभरात रुळलो. हात कुठं न्यायचा, कुणी वळलं की आपण कुठं सरकायचं, कपडे बदलताना भिंतीकडं बघून मोठ्यानं बोलायचं, हे सगळं अंगात होतंच, चाळीस वर्षं वापरलं नव्हतं एवढंच. आईनं तर दोरी बांधून वाळत घातलं. चार रेनकोट, आठ मोजे, एक टॉवेल, एक पंचा. तो पंचा वाळला नाही. या गाडीत काहीही वाळत नाही. चार माणसांचे श्वास आणि कुकरची वाफ काचांवर जमते, तिथून छताच्या झरोक्याला लागते आणि रात्री थेंब थेंब खाली पडते. बाहेरचा पाऊस थांबला की आतला सुरू. लेक वरच्या, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर. ती म्हणाली, "बाबा, मला टेंट चालला असता." तिला सांगितलं, बाळ, तंबूला संडास नसतो.

बुधवारी केझिकला गेलो. आदल्या शुक्रवारपासून दुकानांत मास्क सक्तीचा झालेला. ज्याला चष्मा आहे, जो मास्क लावतो आणि जो पावसात उभा आहे, त्याची परिस्थिती मी काय वर्णन करू. बाहेरून थेंब, आतून वाफ, आणि मास्क ओला झाला की नाकाला चिकटून श्वासही बंद. तसाच मी गाडीपर्यंत आलो. त्या वसंतात पंतप्रधानांचे एक सल्लागार, आपले डोळे लांब गाडी चालवण्याइतके बरे आहेत का हे पाहायला, बायको-मुलाला घेऊन बार्नार्ड कॅसल गावापर्यंत गाडी चालवत गेले होते आणि मग तसं पत्रकारांना सांगत बसले होते. तेव्हा मी हसलो होतो. केझिकच्या वाहनतळावर त्यांची बाजू थोडीशी कळली.

गाडी परत जागेवर लावताना जे व्हायचं ते झालं. खडीची पक्की जागा मिळाली नव्हती, आमच्या वाट्याला हिरवळ. चार दिवस दव पिऊन ती हिरवळ दह्यासारखी झालेली. साडेतीन टनांचं धूड, पुढच्या चाकांची ओढ. मी गॅस दिला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरत खाली गेली. चिखल थेट यॉर्कशरच्या गृहस्थांच्या पांढऱ्या गाडीवर.

कोकणात एसटी रुतली की कंडक्टर घंटी मारतो, चाळीस माणसं उतरतात, "हैय्या" म्हणतात आणि काढतात. इथंही माणसं आली. सात-आठ जण, रेनकोट घालून, मदतीला अगदी उत्सुक. आणि आमच्याभोवती दोन-दोन मीटरवर गोल करून उभी राहिली. पण दोन मीटरवरून गाडी ढकलता येत नाही. त्यावर चर्चा सुरू झाली. नवा नियम 'एक मीटर प्लस' असा होता, म्हणजे काळजी घेतली तर एक मीटरही चालेल. मग उघड्यावर ढकलताना काळजी म्हणजे काय? सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड केलं तर? यॉर्कशरचे गृहस्थ म्हणाले, एकमेकांच्या पाठीमागं श्वास सोडता येईल, पण मग वाऱ्याची दिशा पाहिली पाहिजे. आई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. तिला इंग्रजी फार येत नाही, पण सभा कशी ओळखायची ते तिला येतं. ती म्हणाली, "अरे, ठराव पास होईपर्यंत एखादं बारदान तरी घाला चाकाखाली."

बारदान नव्हतं. आईनं पायपुसणं दिलं. ते गेलं. तिची चटई दिली. तीही गेली. शेवटी शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि एका मिनिटात ओढून काढलं. पैसे नको म्हणाला. आईनं त्याच्या हातावर दोन मीटरवरून कसे ठेवायचे ते न कळून कुंपणाच्या खांबावर पोह्याचे दोन पापड ठेवले. त्याच्या कुत्र्यानं ते नेले. वरच्या डोंगरावर हर्डविक जातीच्या करड्या मेंढ्या रांगेनं उभ्या होत्या. त्या मेंढ्यांची लोकर पावसात नीट तग धरते. त्या दिवशी त्या दरीत कोरडा म्हणावा असा जीव त्यांचाच असेल.

गुरुवारी रात्री आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा नऊ वाजून गेले होते. लेक फोनवरून ओरडली, मँचेस्टर बंद. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी ट्विटरवरून जाहीर केलं होतं, की ग्रेटर मँचेस्टर, पूर्व लँकेशर आणि वेस्ट यॉर्कशरच्या काही भागांत मध्यरात्रीपासून वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी एकमेकांच्या घरात भेटायचं नाही. ईद दुसऱ्या दिवशी. तिथल्या घराघरांत तेव्हा शिजायला ठेवलेल्या पातेल्यांचं काय झालं असेल, हाच विचार आईनं पहिला केला. ते मला आवडलं. आमचा रस्ता त्याच भागाच्या कडेनं जाणारा. "आपण एकाच घरातले ना?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "घरच घेऊन चाललोय."

शुक्रवारी, 31 जुलैला परतलो. पेनरिथला अंगात स्वेटर होते. बर्मिंगहॅमला ते निघाले. ऑक्सफर्डच्या पुढं खिडक्या उघडल्या तर बाहेरून भट्टीची हवा. आमचं स्लाऊ हीथ्रो विमानतळाच्या कुशीत, आणि हीथ्रोवर त्या दुपारी पारा 37.8 अंशांवर गेला. तोवर या देशात त्याहून उष्ण दिवस फक्त दोन नोंदले गेले होते. आठवडाभर घरी बसलो असतो तर शेवटी कोरडं ऊन मिळालं असतं, असं बायको म्हणाली. सहा दिवसांत पहिल्यांदा तो पंचा वाळला. एका सिग्नलला वाळला.

इंग्लिश घर थंडी अडवायला बांधलेलं असतं, त्यामुळे आत शिरलेली उष्णता ते पोटच्या पोरासारखी जपतं. छताला पंखा नाही. रात्री अकराला आई पदरानं वारा घेत जिन्यावर बसली होती. गाडी परत द्यायची होती शनिवारी सकाळी, ती दारातच उभी. आई काही न बोलता किल्ली घेऊन खाली गेली. पंधरा मिनिटांनी मी पाहायला गेलो तर तिनं टेबल उतरवून पलंग केला होता, वरचा झरोका उघडून त्यातला छोटा पंखा लावला होता आणि ती झोपायच्या बेतात होती. मग लेक उशी घेऊन आली. मग बायको, "फक्त पाच मिनिटं" म्हणत. घरासमोरचा आमचा उतार जरा तिरका, त्यामुळे चौघंही हळूहळू डाव्या भिंतीकडं घरंगळत होतो, पण उठून चाक उचलायला कुणी तयार नव्हतं.

अंधारात, बऱ्याच वेळानं, आईचा आवाज आला.

"अरे, निघताना ती पेटी रिकामी केलीस ना?"